दीनानाथ आणि बलवंत मंडळीचे जोडीदार

रत्नागिरीच्या स्थानबद्धतेंत, म्हणजे 1924 ते 1937 या काळांत, बॅ. सावरकरांस राजकारणांत भाग घेण्याची व सरकारी परवानगीवांचून जिल्हा सोडण्याची मनाई होती. नाटक मात्र जिल्ह्याची सीमा ओलांडूं शकत होतें. त्यांचें ‘संगीत संन्यस्त खड्ग’ 1931 सालीं बलवंत संगीत मंडळीनें रंगभूमीवर आणलें. सुलोचनेच्या भूमिकेंत मास्टर दीनानाथ मंगेशकर गायिले आणि त्यांची पदें घरोघर पोंचलीं. यशाचें सारें माप एकाच गळ्याच्या पदरांत टाकण्याची प्रेक्षकांची जुनी रीत आहे. बलवंत मंडळीचा इतिहास पाहतां तें माप बरेंच वांटून द्यावें लागतें.

1913 सालीं बालगंधर्व किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले, ते गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांना बरोबर घेऊन. त्या पडलेल्या खिंडारांत किर्लोस्कर मंडळीनें मंगेशीच्या एका कोंवळ्या मुलाला उभें केलें. तोच दीनानाथ 1918 सालीं बाहेर पडला, तेव्हां तोहि एकटा नव्हता. चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे हे त्याचे भागीदार होते. दीनानाथांचें वय त्या वेळीं अवघें सतरा वर्षांचें! एवढ्या वयाच्या गवयाच्या नांवावर मंडळी काढणें हें धाडसच होतें. तें निभावलें याचें कारण चिंतामणरावांसारखा कसलेला गद्य नट पाठीशीं होता.

‘भावबंधन’ हें याचें उत्तम उदाहरण. 23 जानेवारी 1919 रोजीं गडकरी सावनेर येथें वारले. हें नाटक त्यांनीं मृत्यूपूर्वीं पुरें केलें होतें. त्यांत दीनानाथ लतिका झाले व चिंतामणराव घनश्याम. लतिकेच्या थट्टेनें दुखावलेला घनश्याम कागदपत्रांच्या बळावर सूड घेऊं पाहतो, आणि तो जितका भयंकर वाटेल तितकीच लतिकेची अगतिकता मनाला भिडते. येथें केवळ तानांनीं भागत नाहीं. दुसऱ्या बाजूस दिनकर ढेरे यांचा कामण्णा इतका गाजला, कीं लोक त्यांना ‘दिनकर कामण्णा’ म्हणूनच ओळखूं लागले. मुख्य नटाच्या मंडळींत दुय्यम पात्राला असें नांव मिळूं देणें ही मालकांच्या मनाच्या मोठेपणाचीच खूण म्हटली पाहिजे.

पडद्यामागेंहि तेंच. ‘रणदुंदुभी’ व ‘संन्यस्त खड्ग’ यांच्या चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या. दीनानाथांनीं त्यांच्याकडे शिक्षण घेतलें होतें. आपल्या शिष्याचा गळा कोठें झेंप घेतो हें बुवांना ठाऊक होतें. जुन्या ध्वनिमुद्रिका ज्यांनीं ऐकल्या असतील, त्यांना हें निराळें सांगावयास नको.

पुढें बोलपटांचे दिवस आले. 1934 चा ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा मंडळीच्या लोकांनींच काढलेला बोलपट. दीनानाथ व चिंतामणराव दोघेहि त्यांत होते. परंतु पडद्याच्या धंद्यानें त्यांना तारलें नाहीं. कर्ज वाढलें, मंडळी मोडली, जोडीदार पांगले. दीनानाथांचा गळा तोच होता. घनश्याम, कामण्णा, बुवांची तालीम यांनीं बांधलेलें घर मात्र पुन्हां उभें राहिलें नाहीं. 24 एप्रिल 1942 रोजीं पुण्यास, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षीं ते निवर्तले.

चिंतामणराव मागें राहिले. ‘बहुरूपी’ या आत्मचरित्रांत त्यांनीं आपल्या नाट्यजीवनाची हकीकत लिहिली. त्या ग्रंथास 1958 सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.