सहाध्यायी आणि अध्यापक : मराठी वैद्यकशिक्षणाच्या पूर्वेतिहासातील एक धागा

मुंबई इलाख्यातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या शिक्षणाचा इतिहास सामान्यतः गव्हर्नर, प्राचार्य आणि इमारती यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना शिकविण्याची जी प्रवृत्ती या शिक्षणाच्या मुळाशी होती, तिच्याकडे त्यामुळे दुर्लक्ष होते.

ही प्रवृत्ती आपल्याकडे परकी नव्हती. पंतोजींच्या शाळेत थोरली मुले धाकट्यांकडून धुळाक्षरे गिरवून घेत, पाढे म्हणवून घेत. मद्रासच्या एग्मोर येथील अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस देशी शाळेतील मुले वाळूवर अक्षरे काढताना पाहिली, तो प्रकार आपल्या संस्थेत आणला आणि १७९७ मध्ये त्यावर इंग्लंडात पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे जोसेफ लँकेस्टरच्या नावाशी जोडली जाऊन ही पद्धती मुंबईत परतली ती मात्र विलायती शोध म्हणून! तिच्यामागील मुख्य प्रेरणा काटकसरीची होती. एका शिक्षकाच्या वेतनात शेकडो मुले शिकून निघावीत, एवढाच हिशेब. अशा नेमलेल्या ‘मॉनिटरा’कडून घोकंपट्टीपलीकडे फारसे काही साधले नाही, हा तिच्यावरील आक्षेप रास्तच म्हटला पाहिजे.

परंतु आज्ञेने शिकविणे आणि स्वेच्छेने शिकविणे यांत मूलतः भेद आहे. तो १८४८ मध्ये मुंबईत स्पष्ट झाला. त्या वर्षी एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली. सभासदांनी निबंध वाचावेत व इतरांनी त्यांवर चर्चा करावी, असा तिचा क्रम होता. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते. पुढल्याच वर्षी सभासदांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी तेथे स्वतःच विनावेतन शिकविले. प्रारंभी ४४ पारशी व २४ हिंदू मुली एवढाच हा संसार होता. ज्यांना पदवीचा किंवा वेतनाचा आधार नव्हता, अशा विशीतल्या तरुणांनी लोकापवाद पत्करून हे काम अंगावर घेतले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

याच वातावरणाशी ग्रँट मेडिकल कॉलेजची पहिली पिढी संलग्न होती. १८४५ मध्ये हे कॉलेज सुरू झाले, तेव्हा पहिल्या विद्यार्थ्यांत दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग होते आणि भाऊ दाजी लाडही होते. भाऊ दाजींचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. एल्फिन्स्टन संस्थेत ते शिक्षक होते. ते स्थान सोडून ते पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर येऊन बसले. शिकविण्याची गोडी मात्र सुटली नाही. पुढे वैद्यकव्यवसायात कीर्ती मिळाल्यावरही स्त्रीशिक्षणाचे कार्य त्यांनी आपले मानले, आणि वर उल्लेखिलेल्या सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष तेच झाले. लोहार चाळीतील मुलींच्या शाळेला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

कॉलेजचे शिक्षण इंग्रजीतून होते. तत्पूर्वी १८२६ मध्ये डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी शाळा मुंबईत निघाली होती. ग्रंथांची भाषांतरेही झाली होती. पण १८३२ मध्ये ती बंद पडली. देशी भाषेतून हे शास्त्र शिकविणे व्यर्थ आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला. तो घाईचा होता. दोष भाषेचा नव्हता. ज्याने हे शास्त्र स्वतः विद्यार्थी म्हणून पचविले आहे आणि मराठीतच जो विचार करतो, असा शिक्षक तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

तो ग्रँट मेडिकल कॉलेजने निर्माण केला. १८६१ मध्ये तेथे देशी भाषांतील वैद्यकवर्ग सुरू झाले. याच सुमारास व पुढे कॉलेजचे माजी विद्यार्थी तेथे अध्यापक म्हणून उभे राहिले. सखाराम अर्जुन यांनी वनस्पतिशास्त्र शिकविले, मराठीतून वैद्यकविषयक ग्रंथ लिहिले, आणि १८८३ मध्ये बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत आत्माराम पांडुरंगांसह स्थान मिळविले. अण्णा मोरेश्वर कुंटे शरीरशास्त्र शिकवीत. त्यांनी वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’ची चिकित्सित आवृत्ती १८८० मध्ये सिद्ध केली. इंग्रजीतून ऐकलेले व्याख्यान मनात मराठीत उतरविण्याचा खटाटोप या मंडळींनी विद्यार्थिदशेत स्वतः केलेला होता. विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो हे त्यांना जेवढे ठाऊक असेल, तेवढे कोणत्याही विलायती प्राध्यापकाला ठाऊक असणे शक्य नव्हते.

या वर्गाचे महत्त्व मुंबईत बसून कळत नाही. ते कोल्हापूर संस्थानातील पेठ वडगावसारख्या, वारणेच्या खोऱ्यातील बाजारगावावरून मोजावे लागते. धनाजी जाधवांच्या समाधीमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना हे गाव परिचित आहे. इंग्रजी पदवीधर डॉक्टर संख्येने थोडे, आणि त्यांचा ओढा शहराकडे. अशा गावांतील रोग्याशी त्याच्याच बोलीत बोलणारा, परंतु शवच्छेदन व औषधिविज्ञान शिकलेला ‘हॉस्पिटल असिस्टंट’ हवा असेल, तर तो मराठी वर्गातूनच येणे शक्य होते. १८७८ मध्ये पुण्यास बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल निघाले आणि या शिक्षणाचे केंद्र मुंबईहून घाटावर, देशावरील गावांच्या अधिक जवळ आले. १९४६ मध्ये त्या शाळेचे कॉलेजात रूपांतर झाले.