जेफ्रीज हुक दीपगृह

जेफ्रीज हुक दीपगृह : न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, हडसन नदीत शिरलेल्या खडकाळ टोकावरील छोटे दीपगृह. उंची सु. १२ मी. लाल रंगामुळे ‘लिटल रेड लाइटहाउस’ याच नावाने ते अधिक परिचित आहे.

हडसनमध्ये येथवर समुद्राची भरती येते. त्यातच पात्र अरुंद असल्याने धुक्यात हा खडक चुकवणे जहाजांना अवघड जाई. १८८९ मध्ये येथे खांबावर लाल कंदील लावण्यात आले. वर्दळ वाढली तसे तेही अपुरे पडू लागले. त्यांच्या जागी आला तो एक जुनाच मनोरा. तो १८८० मध्ये बंदराच्या तोंडाशी, न्यू जर्सीतील सँडी हुक या वाळूच्या दांड्यावर उभारलेला होता आणि १९१७ मध्ये तेथून उतरवण्यात आला होता. ओतीव लोखंडाचे भाग बोल्टांनी जोडलेले असल्यामुळे तो सुटा करून हलवता आला आणि १९२१ मध्ये जेफ्रीज हुकवर पुन्हा उभा राहिला. माथ्यावर उघडझाप करणारा लाल दिवा आणि धुक्यात वाजवायला सु. ४५० किग्रॅ. वजनाची घंटा, एवढाच त्याचा संसार.

दहाच वर्षांत, १९३१ मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टन पूल खुला झाला. त्याचा १८४ मी. उंच पूर्वेकडील मनोरा दीपगृहाला अगदी लागून आहे. पुलाच्या झगझगाटात या दिव्याची गरज उरली नाही. हिल्डगार्ड स्विफ्ट यांनी लिहिलेल्या आणि लिंड वॉर्ड यांनी चित्रे काढलेल्या १९४२ च्या बालपुस्तकात मात्र हाच पूल खचलेल्या दीपगृहाला धीर देतो : नदीला तुझा दिवा अजून हवा आहे. प्रत्यक्षात तटरक्षक दलाने १९४८ मध्ये दिवा बंद केला आणि मनोरा लिलावात काढायचे ठरवले. त्यावर पुस्तक वाचलेली मुले आणि त्यांचे पालक यांनी पत्रांचा वर्षाव केला; लिलाव रहित झाला. १९५१ मध्ये दीपगृह शहराच्या उद्यान विभागाकडे आले. दीपगृहाचे खरे रक्षणकर्ते खलाशी नव्हेत, तर बालवाचक ठरले, हे या वास्तूचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य होय.

१९७९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत त्याचा समावेश झाला, तर १९९१ मध्ये शहराने त्याला वारसावास्तूचा दर्जा दिला. २००२ मध्ये दिवा पुन्हा लावण्यात आला. ठरावीक दिवशी लोखंडी जिन्याने वर जाता येते.