पाळीव कुत्र्यांमधील लेप्टोस्पायरोसिस

२६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. माणसांप्रमाणेच हा जिवाणूजन्य रोग कुत्र्यांनाही होतो. उंदीर-घुशींच्या मूत्रातील जिवाणू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि जखमेतून किंवा नाका-तोंडावाटे शरीरात शिरतात. ताप, उलट्या, अन्नावरील वासना उडणे व कावीळ ही प्रमुख लक्षणे होत. मूत्रपिंड व यकृत निकामी होऊन मृत्यूही ओढवू शकतो. वेळीच प्रतिजैविके दिल्यास मात्र प्राण वाचू शकतात. वरकरणी बऱ्या झालेल्या कुत्र्याच्या मूत्रातूनही जिवाणू बाहेर पडून घरातील माणसांना संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे ते हातमोजे घालून जंतुनाशकाने स्वच्छ करावे. प्रतिबंधक लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. ती सर्व उपप्रकारांवर परिणामकारक नसल्याने लस दिलेल्या कुत्र्यालाही साचलेल्या पाण्यात जाऊ देऊ नये.