आंदणातील स्वयंचलित घड्याळ : वऱ्हाडातील वापर आणि निगा यांचा इतिहास

प्रास्ताविक

मनगटी घड्याळाचा इतिहास बहुतांशी ते बनविणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. ते वापरणाऱ्यांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आणि घेऊन ठेवलेले, पण क्वचितच हातावर चढलेले घड्याळ तर दुर्लक्षितच राहिले. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील अनेक घरांच्या लोखंडी कपाटात लग्नातील शालू आणि जुन्या पासबुकांशेजारी असे एखादे स्वयंचलित घड्याळ आजही आढळते. रोज हातावर राहावे म्हणून घडविलेले हे यंत्र वऱ्हाडात प्रसंगी मिरविण्याची वस्तू म्हणून रुजले. या विसंगतीचा शोध घेणे आणि त्यातून उद्भवलेल्या निगेच्या प्रश्नांचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

चालणाऱ्या माणसाचे यंत्र

स्वयंचलित घड्याळाची कल्पना मनगटी घड्याळापेक्षा जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील अब्राहम-लुई पेरले याच्या खिशातील घड्याळाविषयी जिनिव्हाच्या कलासंस्थेने १७७७ मध्ये अहवाल दिला. पंधरा मिनिटे चालल्याने ते आठ दिवस पुरेल इतके भरते, असे त्यात नमूद होते. ज्याला चालायचेच नाही त्याच्यासाठी हे यंत्र नाही, हे मूळ गृहीतक येथेच स्पष्ट होते. पुढे १९२४ च्या सुमारास जॉन हारवुड या इंग्रज कारागिराने स्वयंचलित मनगटी घड्याळाचे पेटंट मिळविले. चावीच्या छिद्रातून आत शिरणारी धूळ व ओल घड्याळ बिघडवते, असा त्याचा अनुभव होता. म्हणून त्याने बाहेरची चावीच काढून टाकली. वैशाखातील अकोल्याची धूळ ज्याने पाहिली आहे, त्याला हारवुडची अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण गोलाकार फिरणारी वजनी चकती प्रचारात आणली. हात हलला की चकती फिरते, चकतीने कमान ताणली जाते आणि कमान पूर्ण भरली की ती डबीच्या आतल्या भिंतीवरून घसरू लागते. त्यामुळे जास्त वापराने घड्याळ 'जास्त भरत' नाही. हात थांबला, तर सुमारे चाळीस तासांत घड्याळही थांबते.

भारतात या यंत्राचा प्रसार हिंदुस्थान मशीन टूल्स अर्थात एचएमटीमुळे झाला. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे तिचा घड्याळ विभाग उभा राहिला. 'जनता' हे तिचे चावीचे घड्याळ कारकून, शिक्षक व रेल्वे कर्मचाऱ्यांच्या हातावर दिसू लागले. तारीख व वार दाखविणारी स्वयंचलित घड्याळे सत्तरच्या दशकात आली. त्यांपैकी 'कांचन'ला लग्नसराईत इतकी मागणी असे की ते ठरल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजून घ्यावे लागे.

आंदण, चुकारा आणि घड्याळ

ज्या वर्षी एचएमटीचा घड्याळ विभाग सुरू झाला, त्याच वर्षी, १९६१ मध्ये, हुंडा प्रतिबंधक कायदा अमलात आला. हा निव्वळ योगायोग होय; परंतु त्या कायद्याच्या मूळ स्पष्टीकरणात लग्नप्रसंगी दिलेली रोकड, दागिने, कपडे किंवा अन्य वस्तू, विवाहाचा मोबदला म्हणून दिल्या नसतील तर, हुंडा मानल्या जाणार नाहीत, असे म्हटले होते. १९८४ च्या दुरुस्तीने ते स्पष्टीकरण वगळण्यात आले. मधल्या दोन दशकांत 'भेट' या शब्दाच्या आडोशाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ हे त्रिकूट सुखाने नांदले. वऱ्हाडात त्याला आंदण म्हणत. मुलीच्या बापाने ते खुशीने दिले की नाइलाजाने, हे त्या घड्याळाकडे पाहून कळत नाही; आणि म्हणूनच अशा वस्तूचा इतिहास केवळ कौतुकाने लिहिता येत नाही.

१९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. दिवाळीनंतर वेचणी, मग खरेदी केंद्रावरील गाड्यांची रांग, मग चुकाऱ्याची वाट आणि चुकारा हाती आला की लग्नाची बोलणी, असा कापूस पिकविणाऱ्या घरांचा वार्षिक क्रम असे. (ज्या प्रदेशाच्या नावाचाच दुसरा अर्थ लग्नाची मंडळी असा होतो, तेथे हे स्वाभाविक म्हणावे लागेल.) स्वयंचलित घड्याळ या क्रमात बरोबर बसले. ते चावीच्या घड्याळापेक्षा महाग होते आणि त्यावर वार-तारीख दिसे. शेतात, वखरामागे किंवा वेचणीच्या वेळी जावई ते घालत नसे. लग्नकार्य, तालुक्याचा बाजार, कचेरीचे काम एवढ्यापुरतेच ते बाहेर निघे.

येथेच विसंगती निर्माण झाली. अधूनमधून घालणाऱ्यासाठी वस्तुतः चावीचे घड्याळ सोयीचे, कारण बारा-पंधरा वेढ्यांत ते चालू होते आणि वार-तारीख लावण्याची कटकट नसते. स्वयंचलित घड्याळ रोज घालणाऱ्याला शोभते. वऱ्हाडात वाटणी उलट झाली. रोज शाळेत जाणाऱ्या शिक्षकाकडे 'जनता' आणि महिन्यातून एकदा घालणाऱ्याकडे 'कांचन', असे चित्र अपवादात्मक नव्हते.

थांबलेले घड्याळ फारसे अडचणीचेही ठरले नाही, याचे कारण सार्वजनिक वेळेत आहे. भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि रेल्वेबरोबर मद्रासची वेळ वऱ्हाडात आली. ती अमरावतीच्या सूर्यापेक्षा सुमारे १० आणि अकोल्याच्या सूर्यापेक्षा सुमारे १३ मिनिटे पुढे होती. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. जिनिंग-प्रेसिंगचा भोंगा, आगगाडी आणि १९४८ पासून आकाशवाणीचे नागपूर केंद्र यांच्यामुळे वेळ मिळविणे कठीण नव्हते. घड्याळ लावून निघायचे, परतल्यावर काढून ठेवायचे, अशी रीत पडली. पुढे टायटनची घड्याळे १९८७ मध्ये बाजारात आली, सेलचे घड्याळ स्वस्त झाले, आणि काढून ठेवलेले घड्याळ कपाटातच राहिले.

न घातलेल्या घड्याळाची निगा

'ऑटोमॅटिक' म्हणजे चावी नको, हा समज या प्रदेशात घट्ट रुजला. बंद पडलेले घड्याळ हाताने जोरजोरात झटकण्याची सवय त्यातूनच आली. वास्तविक एचएमटीच्या प्रचलित स्वयंचलित घड्याळांना चावी देता येते. वीस-तीस वेढे सावकाश द्यावेत, वेळ लावावी, मग घालावे. जुन्या सेको ५ घड्याळांत ही सोय नाही. ती आडवी धरून हळुवार डोलवावी लागतात. रात्री नऊ ते पहाटे तीन-चार या काळात वार-तारीख बदलणारी चक्रे गुंतलेली असतात, म्हणून त्या वेळी तारीख बदलू नये. थांबलेल्या घड्याळाचे काटे सकाळ दाखवितात की रात्र, हे तारीख उलटेपर्यंत काटे पुढे फिरवूनच कळते. ही पायरी टाळल्याने तारखेची चक्रे बिघडतात.

घड्याळ सतत फिरते ठेवणारी विजेवरची पेटी परदेशात विकली जाते. तिची येथे गरज नाही. थांबल्याने घड्याळाची झीज होत नाही. उलट वाळलेल्या तेलावर चालविल्यानेच आसांची झीज होते. 'महिन्यातून एकदा चालू करावे' हा सल्ला म्हणूनच अर्धा बरोबर आहे. सर्व्हिसिंग झालेल्या घड्याळास तो लागू पडतो. तीस वर्षे न उघडलेले घड्याळ मात्र आधी साफ करून, तेल देऊन मगच चालवावे. पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीतील कपाट ही घड्याळासाठी वाईट जागा होय. घाम पुसल्याविना ठेवलेला चामडी पट्टा पावसाळ्यात बुरसतो. डांबरगोळ्यांचाही विचार केला पाहिजे. बाष्पशील रसायनांजवळ घड्याळ ठेवू नये, असे उत्पादकांच्या सूचनापत्रकांत असते. पण शालूसाठी ठेवलेल्या गोळ्या नेमक्या घड्याळाच्या डबीशेजारीच असतात.

झाकणाच्या आतील नोंद

केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. तेव्हापासून सुटे भाग जुन्या घड्याळांतूनच मिळवावे लागतात. जुन्या यंत्रावर नवी रंगविलेली तबकडी बसवून विकण्याचा धंदाही वाढला. चकचकीत दिसावे म्हणून आंदणातल्या घड्याळाची मूळ तबकडी बदलून घेणे, किंवा आतले यंत्र काढून सेलचे बसविणे, यात एक ऐतिहासिक साधन नष्ट होते, हे घरमालकाच्या ध्यानात येत नाही.

हे साधन केवळ तबकडीपुरते नाही. दुरुस्तीनंतर मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूस सुईने बारीक खूण, क्रमांक किंवा तारीख कोरण्याची घडीसाजांची जुनी रूढी आहे. घड्याळ किती वेळा उघडले गेले, दोन दुरुस्त्यांत किती वर्षे गेली, आणि ते कोणत्या वर्षानंतर कोणीच उघडले नाही, हे त्या खुणांवरून कळू शकते. छोट्या घडीसाजाच्या दुकानात दुरुस्तीच्या वह्या जपलेल्या सापडणे दुर्मिळच; त्यामुळे या कोरलेल्या रेघांना अधिक मोल येते. घड्याळ सफाईसाठी देताना झाकण उघडताच आतील बाजूचे छायाचित्र घ्यावे, त्यासोबत घड्याळ कोणाच्या लग्नात, कोणत्या साली आणि कोणाकडून आले याची नोंद करावी, आणि झाकण घासून चकाकवू नये, असे घडीसाजास आधीच सांगून ठेवावे.