घारापुरीचं खापर आणि वाइनचा पत्ता

फ्रान्सच्या बोर्दो भागात शातो मुतों रोत्शील्ड ही वाइनची नामांकित इस्टेट आहे. १९२४ पर्यंत तिथली वाइन, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे, पिंपातून बोर्दोच्या व्यापाऱ्यांकडे जायची आणि बाटल्या तेच भरायचे. त्या वर्षी फिलिप द रोत्शील्ड या तरुण मालकाने ठरवलं, की सगळी वाइन इस्टेटीवरच बाटलीत भरायची. पिंप एकदा हातातून गेलं की त्यात काय मिसळलं जातंय, याची हमी कोण देणार?

आता हाच प्रश्न दोन हजार वर्षं मागे, आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर नेऊन बघा. बाटली नाही, लेबल नाही. हातात मातीच्या भांड्याचा एक तुकडा. आत काय होतं, आणि ते आलं कुठून?

ग्रंथांचा पुरावा तसा चांगला आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत भडोचला येणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात वाइन आहे: पसंती इटलीच्या वाइनला, शिवाय लाओदिकियाची (सीरियाचा किनारा) आणि अरबस्तानची. राजासाठी उंची वाइन वेगळी! त्याच पुस्तिकेत पुढे दक्षिणेकडच्या बंदरांमध्ये 'सेमिल्ला' येतं, म्हणजे आपलं अलिबागजवळचं चौल. पण लक्षात घ्या, वाइनची यादी भडोचची आहे, चौलची नाही. मी सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात हा फरक सरळ गिळून टाकला होता आणि वर 'घारापुरीचे अँफोरा म्हणजे रोमन वाइनचा पुरावा' असं ठोकून दिलं होतं. गाइडनी पेन्सिलने एवढंच विचारलं, "कोणी तपासलं?"

अँफोरा म्हणजे जहाजातून माल न्यायचं निमुळत्या बुडाचं, दोन कानांचं मातीचं भांडं. इटलीतल्या एका नेहमीच्या प्रकारात साधारण २६ लिटर मावायचं, म्हणजे आजच्या पस्तीसेक बाटल्या. उरणसमोरच्या घारापुरी बेटावर अशा भांड्यांची खापरं मिळाली आणि बराच काळ ती सरसकट 'रोमन' म्हणून नोंदली गेली. २००७ मध्ये रोबेर्टा टोंबर यांनी 'अँटिक्विटी' नियतकालिकात भारतातल्या अशा खापरांची फेरतपासणी मांडली, तेव्हा चित्र बदललं. रोमन समजलेले बरेच तुकडे मेसोपोटेमियाकडच्या 'टॉर्पेडो जार'चे निघाले. या भांड्यांना कान नसतात, आतून डांबराचा, म्हणजे नैसर्गिक बिटुमेनचा लेप असतो, आणि काळ ससानी ते सुरुवातीचा इस्लामी. अख्खं भांडं मिळालं तर कोणीही ओळखेल. पण मिळतो तो पोटाचा हातभर तुकडा, आणि त्याला कान होते की नव्हते हे कसं सांगणार?

इथे आपलं विज्ञान कामाला येतं. खापराचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मातीतली खनिजं बघतात. नेपल्सच्या आखाताजवळच्या अँफोरांत ज्वालामुखीची काळी वाळू असते, तिच्यात ऑजाइटचे कण. मात्र ऑजाइट आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्येही असतं, त्यामुळे एका खनिजावर निकाल देऊ नका, सगळा संच बघा. आतल्या लेपाचंही तसंच. पाइनची राळ आणि डांबर, दोन्ही काळंच दिसतं, पण गॅस क्रोमॅटोग्राफीत त्यांचे रेणू वेगळे पडतात. थायलंडच्या फानोम सुरिन या आठव्या शतकातल्या जहाजावरच्या टॉर्पेडो जारमधल्या डांबराचा माग असाच इराणपर्यंत लागला.

म्हणजे रायगडच्या व्यापाराची कथा 'रोमन आले, रोमन गेले' एवढीच राहत नाही. रोमनांनंतरही आखाताकडची जहाजं येत होती. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी सैमूरला, म्हणजे चौललाच आला, तेव्हा त्याला तिथे सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादच्या लोकांची मोठी वस्ती दिसली. मला तर हे रोमन वाइनपेक्षा जास्त रंजक वाटतं.

आणि वाइन? भांडं कुठलं हे कळलं तरी आत वाइनच होती असं नाही. तेल असेल, खजुराचा पाक असेल, पहिला माल संपल्यावर कोणी पाणीही भरलं असेल. द्राक्षाची खूण म्हणून टार्टारिक आम्ल शोधतात. ते पाण्यात विरघळतं, म्हणजे उत्खननानंतर खापर घासून धुतलं की निम्मा पुरावा बादलीत! शिवाय कोकणात एक खास अडचण: चिंच. तिच्यातही टार्टारिक आम्ल भरपूर. त्यामुळे खापराभोवतीच्या मातीचा नमुना सोबत तपासावाच लागतो, आणि लाल द्राक्षाच्या रंगद्रव्यातून येणारं सिरिंजिक आम्लही शोधावं लागतं. नमुना प्लास्टिकच्या पिशवीत नको, फॉइलमध्ये ठेवा; नाहीतर आलेखात प्लास्टिकचेच पीक दिसतात.

सिनॉप्सिसमधलं माझं वाक्य आता असं आहे: 'घारापुरीच्या आयात भांड्यांपैकी काही मेसोपोटेमियाकडची आहेत, त्यांत काय होतं, हे तपासायचं आहे.' गाइडनी या वेळी पेन्सिल उचलली नाही.