माग काढणारा डोळा

अमेरिकेत हरणांच्या वाटेवर आपोआप छबी टिपणारा कॅमेरा बांधून शिकारी माग काढतात. ॲरिझोना राज्याने २०२२ पासून त्यास मनाई केली. आपल्याकडे हे काम फासेपारध्याचा डोळा करी. खुराचा ठसा, लेंडी पाहून तो काळविटाची वाट ओळखी नि फास मांडी. कोल्हापूरचे संस्थानिक पाळीव चित्ते सोडून तेच काळवीट मारवीत. ती मर्दुमकी ठरली. पारधी मात्र गुन्हेगार जमातींच्या यादीत गेला. १८७१ सालचा तो कायदा १९५२ मध्ये सुटला. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद केली, हे योग्यच. १९८० साली आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, रेहेकुरी अभयारण्य झाले. काळविटाला जागा मिळाली. त्याची वाट जाणणाऱ्याच्या रोजगाराचे कलम त्या कायद्यात नव्हते.