कोलंबियाचे दोन दरवाजे

गेल्या वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्गातील एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली आणि तिने विचारले, "सर, बाबासाहेबांच्या कोलंबियात मला प्रवेश मिळेल का?" अर्थशास्त्र हा तिचा विषय. गुण चांगले. सुट्टीत आईबरोबर कापूस वेचायला जाते. "अभ्यास कर, मिळेल" असे सांगून तिची बोळवण करणे सोपे होते. आपण शिक्षक मंडळी पुष्कळदा तसेच करतो, मीही केले आहे. पण बाबासाहेब कोलंबियात गेले ते नेमके कोणत्या वाटेने, हे आपण कधी नीट तपासतो का? जयंतीच्या भाषणात 'कोलंबिया' हा शब्द उच्चारला की टाळ्या पडतात आणि विषय तिथेच संपतो.

वाट अशी होती. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी वारले. त्याच वर्षीच्या ४ जूनला बाबासाहेबांनी बडोदे संस्थानाशी करार केला. तीन वर्षे महिना साडेअकरा पौंड विद्यावेतन आणि त्याबदली परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबियाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून दाखल झाले. त्या काळी पदव्युत्तर शाखांत आजच्यासारखी निवडीची चाळणी नव्हती. मान्य विद्यापीठाची पदवी आणि शुल्क भरण्याची ऐपत असली की पुरे. मुंबई विद्यापीठाची पदवी बाबासाहेबांपाशी होती. ऐपत सयाजीरावांच्या तिजोरीतून आली. पुढे सेलिग्मन, ड्यूई, गोल्डनवायझर ह्यांच्या वर्गांत त्यांनी जे केले ते त्यांचे स्वतःचे. १९१५ साली एम.ए., १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझरांच्या चर्चासत्रात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध. पण दारातून आत जाण्याची गोष्ट वेगळी आणि आत गेल्यावरचा पराक्रम वेगळा. आपण दोन्हींची सरमिसळ करतो आणि मग पोरांना वाटते की पराक्रम असला की दार आपोआप उघडते.

ह्याच कोलंबियाला दुसरा दरवाजा होता. तो पहिल्या पदवीच्या महाविद्यालयाचा. न्यूयॉर्कमध्ये पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची मुले सरकारी शाळांतून शिकून प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होत होती आणि मोठ्या संख्येने कोलंबियात येत होती. परीक्षा उत्तीर्ण झाला की प्रवेश, असा नियम होता. शिंप्याचा मुलगा लॅटिनमध्ये उत्तीर्ण झाला तर त्याला अडवायचे कसे? बाबासाहेब तिथे शिकत होते त्याच वर्षांत हा 'प्रश्न' विद्यापीठाच्या चालकांना छळत होता. अध्यक्ष निकोलस मरे बटलर ह्यांच्या कारकिर्दीत १९१९ पासून उपाय निघाला. प्रवेश-अर्ज बदलला. त्यात धर्म, वडिलांचे जन्मस्थान असली माहिती मागण्यात आली, जोडीला थॉर्नडाइकची बुद्धिमापन चाचणी आली, आणि सुमारे ४० टक्के असलेले ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण दोनेक वर्षांत २२ टक्क्यांच्या आसपास आले. एकाच विद्यापीठाच्या एका दारातून महू छावणीत जन्मलेला अस्पृश्य तरुण आत गेला होता, आणि दुसऱ्या दारावर न्यूयॉर्कच्याच शिंप्यांच्या मुलांची छाननी सुरू झाली.

हार्वर्डचा इतिहास तर अधिक बोलका आहे. १९०० साली तिथे ज्यू विद्यार्थी सुमारे ७ टक्के होते. १९२२ पर्यंत ते २१ टक्क्यांवर गेले. अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल ह्यांनी तेव्हा उघडच १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. उन्हाळी हॉटेलात ज्यू येऊ लागले की ते बुडते. ज्यू वाईट असतात म्हणून नव्हे, तर ते आले की इतर गिऱ्हाईक निघून जाते म्हणून! आमच्या गावच्या पाणवठ्याचे तर्कशास्त्र ह्याहून निराळे नव्हते. आमच्या शिवण्याने पाणी खराब होते असे पाटील म्हणत नसे. "मला चालेल रे, पण गाव ऐकणार नाही," असे तो म्हणे. ह्याच लोवेलसाहेबांनी पहिल्या वर्षाच्या वसतिगृहांत काळ्या विद्यार्थ्यांना राहू देण्यास नकार दिला होता. तो निर्णय १९२३ साली विद्यापीठाच्या वरिष्ठ मंडळाला फिरवावा लागला.

उघड मर्यादा प्राध्यापकांच्या समितीने फेटाळली. मग मागच्या दाराने काम झाले. १९२६ साली हार्वर्डने पहिल्या वर्षाची संख्या एक हजारावर बांधली आणि निवडीत 'चारित्र्य' व 'व्यक्तिमत्त्व' ह्यांना वजन दिले. अर्जासोबत छायाचित्र आले, मुलाखत आली, वडिलांनी जन्मापासून आडनाव बदलले आहे काय हा प्रश्न तर १९२२ सालीच आला होता. येलने १९२५ साली माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप दिले. दूरच्या राज्यांतील मुलगा हवा, खेळाडू हवा, पुढारीपण हवे, शिक्षकाचे शिफारसपत्र हवे. आज 'सर्वांगीण निवड' म्हणून जी मिरवली जाते, तिचा सांगाडा त्या पाच-सात वर्षांत उभा राहिला. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल ह्यांनी 'द चोझन' ह्या २००५ सालच्या ग्रंथात विद्यापीठांच्या दप्तरांतून हे सगळे बाहेर काढले आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तो ग्रंथ मिळवून वाचावा. गुणवत्ता घसरेल म्हणून आपल्यावर ओरडणाऱ्यांना हे ठाऊक नसते, की अमेरिकेत गुणवत्तेची व्याख्या बदलली ती गुणवान मुले फार झाली म्हणून.

हा शंभर वर्षांपूर्वीचा मामला म्हणून सोडून देता येत नाही. २०१८ साली हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात प्रवेशाची कागदपत्रे न्यायालयासमोर आली. २००९ ते २०१४ ह्या काळातील अर्जांच्या अभ्यासात दिसले, की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्के हे खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले किंवा देणगीदार वगैरेंच्या खास यादीतील होते. आशियाई वंशाच्या अमेरिकन मुलांना 'व्यक्तिमत्त्वा'च्या रकान्यात कमी गुण पडत होते. रकाना तोच, १९२६ चा! त्या खटल्याचा शेवट मात्र विचित्र झाला. २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करून प्रवेश देणे बंद केले. काळ्या मुलांचा आधार गेला. देणगीदारांच्या मुलांची वाट त्या निकालाने बंद झाली नाही.

आता ह्या दारात आपली परदेशी विद्यार्थिनी उभी करून पाहा. हार्वर्डमध्ये शंभर अर्जांतून तीन-चार निवडले जातात. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एम.आय.टी.त, परदेशी अर्जदारांतून शंभरात जेमतेम दोन, कारण परदेशी मुलांचे प्रमाण तिथे वर्गाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवलेले असते. खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी., ॲमहर्स्ट आणि अलीकडे डार्टमथसारख्या काही मोजक्या संस्था परदेशी अर्जदाराची गरिबी न पाहता निवड करतात आणि निवडल्यावर लागेल ती मदत देतात. ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आपल्या पोरांना ती ठाऊकच नसते. पण इतर बहुतेक ठिकाणी मदत मागितली की अर्ज हलका होतो. कोलंबियाचे पहिल्या पदवीचे महाविद्यालय ह्याच दुसऱ्या रांगेत आहे. ग्रंथालयात बाबासाहेबांचा पुतळा आहे. आणि त्यांच्याइतकाच निष्कांचन परदेशी मुलगा बारावीनंतर अर्ज करील, तर त्याची निष्कांचनता त्याच्याविरुद्ध मोजली जाते.

म्हणून मी तिला सांगितले, की तू हळहळू नकोस, तुझ्यासाठी तो दरवाजा नव्हताच. २०२३-२४ साली अमेरिकेत ३ लाख ३१ हजार भारतीय विद्यार्थी होते. त्यांतील पहिल्या पदवीचे सुमारे ३६ हजार, पदव्युत्तर सुमारे १ लाख ९६ हजार. आपली वाट आजही बाबासाहेबांचीच, पदवीनंतरची. पीएच.डी.ला निवड विभागातले प्राध्यापक करतात, ह्या मोठ्या विद्यापीठांत शुल्क माफ असते आणि निर्वाहापुरते वेतन मिळते. जागा मात्र एकेका विभागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एम.ए.ला बहुधा पैसे भरावे लागतात. आणि शिफारसपत्रे तीन! तालुक्याच्या महाविद्यालयातील माझ्यासारख्याच्या पत्राला तिथे काय वजन? माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालय पाहिलेले नाही. मला पत्र कसे लिहितात हेही कोणी शिकवले नाही. मी ते ह्या मुलीसाठी शिकलो. विद्यार्थी 'होतकरू व आज्ञाधारक' आहे असे लिहून भागत नाही. त्याने कोणता प्रश्न विचारला, कोणते पुस्तक स्वतः शोधले, ते लिहावे लागते. आपल्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे.

उरला पैसा. सयाजीराव आता नाहीत, त्यांच्या जागी सरकार आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. सव्वाशे जागा, त्याही एवढ्या मोठ्या देशाला. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी. दोन्ही एम.ए. आणि पीएच.डी.साठीच. २०२२ साली केंद्राने आपल्या योजनेत एक कलम घातले: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास ह्या विषयांसाठी पैसे मिळणार नाहीत. म्हणजे 'कास्ट्स इन इंडिया' लिहिणारा तरुण ह्या योजनेत बसला नसता. हे विषय भारतातच शिकता येतात, असे समर्थन झाले. जातीचा अभ्यास जातीच्या बाहेर उभे राहून करता यावा म्हणूनच तर पोरे समुद्र ओलांडतात, हे कलम लिहिणाऱ्याला कळले नाही असे मला वाटत नाही.

तिकडचा वाराही स्थिर नाही. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घेतला होता. तो हुकूम न्यायालयाने अडवला. आत गेल्यावर जात सुटते असेही नाही. आपलेच देशबंधू ती सामानात घेऊन येतात. एक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटते. ज्यू मुलांवरच्या त्या जुन्या अडवणुकीची आठवण ताजी असताना अमेरिकेतील ज्यू समाजाने १९४८ साली ब्रँडाइस विद्यापीठ काढले. २०१९ साली जातीवरून भेदभाव करण्यास आपल्या नियमांत मनाई करणारे अमेरिकेतील पहिले विद्यापीठ तेच. ज्यांना एका दारावर अडवले, त्यांनी आपले दार बांधताना ते लक्षात ठेवले.

ती विद्यार्थिनी सध्या एम.ए. करते आहे आणि अर्ज तयार करते आहे. अर्जासोबतच्या निवेदनाचा पहिला मसुदा तिने परवा आणून दिला. शहरातल्या एका सल्लागाराने तिला म्हटले होते, की कापूस वेचणीचे अवश्य लिही, गरिबीने तिथले लोक हेलावतात. मसुद्यात कापूस होता, पण सरकी आणि रुई ह्यांच्या भावांच्या तक्त्यात. आईचा उल्लेख नव्हता. मी विचारले तेव्हा म्हणाली, "सर, ते त्यांना कशाला सांगायचं?" तक्त्यात दोन आकडे चुकले होते, तेवढे मी दुरुस्त करायला सांगितले.